विद्येचे मुक्तद्वार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन. मी ‘शोधपत्रिका आणि त्यांची कुलपे’ असा विषय सांगितला, तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. कामगार संघटनेच्या माणसाने विद्यापीठाच्या अंगणात का शिरावे, असे आपल्यालाही वाटत असेल. जिथे घाम एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि माल मात्र तिसऱ्याच्याच गोदामात जातो, तिथे आमचे लक्ष आपोआप जाते. विद्वानांच्या जगात गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे हाच प्रकार चालला आहे, आणि तो मोडून काढण्यासाठी विद्वानांतलीच काही मंडळी तीस-पस्तीस वर्षे धडपडत आहेत. त्या धडपडीची हकीकत मला आज सांगायची आहे.

प्रथम हा कारखाना चालतो कसा ते पाहू. समजा, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या डॉक्टरने दोन-तीन वर्षे खपून एका रोगाचा अभ्यास केला. त्याचा पगार सरकारी तिजोरीतून, उपकरणे सरकारी अनुदानातून, आणि रोगी तर आपल्यातलेच. निष्कर्ष हाती आले की तो शोधनिबंध लिहितो आणि एखाद्या शोधपत्रिकेकडे धाडतो. पत्रिकेचा संपादक बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी विद्यापीठातला प्राध्यापक असतो. तो हा निबंध त्याच विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे तपासायला पाठवतो. हे परीक्षक रात्री जागून, चुका काढून, टिपणे लिहून निबंध परत करतात. त्याबद्दल त्यांना सहसा एक छदामही मिळत नाही. लेखकालाही मिळत नाही. कादंबरीकाराला मानधन मिळते, निदान मिळावे अशी त्याची अपेक्षा तरी असते. शोधनिबंधाच्या लेखकाला तीही नसते. उलट छापण्यापूर्वी निबंधाचे हक्क त्याच्याकडून प्रकाशकाच्या नावे लिहून घेण्याची रीत पडून गेली आहे. मग प्रकाशक तो निबंध पत्रिकेत घालतो, आणि त्या पत्रिकेची वर्गणी त्याच डॉक्टरच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडून वसूल करतो. ग्रंथालयाचा पैसा पुन्हा सरकारचाच, म्हणजे आपला.

प्रकाशक काहीच करीत नाही असे मी म्हणणार नाही. मुद्रिते तपासणे, मांडणी, सूची, संगणकावर हे सारे वर्षानुवर्षे जपून ठेवणे, ही कामे आहेत आणि त्यांना खर्च येतो. प्रश्न मापाचा आहे. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी एल्सेव्हिअर. ती ज्या रेलेक्स नावाच्या उद्योगसमूहात मोडते, त्याच्या विज्ञान व वैद्यक विभागाचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे ३०६ कोटी पौंड होते आणि त्यावरचा नफा सुमारे ११६ कोटी पौंड. शंभराला अडतीस! वाटाघाटीच्या टेबलावर मालक आमच्यापुढे जे ताळेबंद ठेवतात ते मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यांत नफा पाच-सात टक्क्यांच्या वर गेलेला क्वचितच दिसतो, मग खरा कितीही असो. इथे कच्चा माल फुकट, कारागीर फुकट, तपासनीस फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेले. तेव्हा ताळेबंद लपवायचीही गरज उरत नाही.

आपण विचाराल, एवढी शिकलेली माणसे हे सोसतात कशी? त्यांचे मस्टर तिथे आहे, म्हणून. कोणत्या पत्रिकेत किती निबंध आले यावर नेमणूक, बढती आणि अनुदान ठरते. नामांकित पत्रिकेवर एकट्याने बहिष्कार टाकणे म्हणजे स्वतःच्या हजेरीवर स्वतःच्या हाताने काट मारणे.

आता ही गोष्ट तुमच्याआमच्या दारात कशी येते ते सांगतो. फाउंड्रीत साचे वाळूचे असतात. ओतकाम झाले की साचा फोडतात, आणि कास्टिंग साफ करताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत बसली की फुप्फुस हळूहळू कठीण होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. १९२३ सालच्या भरपाईच्या कायद्याने तो व्यवसायजन्य रोग मानला. पण छातीच्या फोटोत तो क्षयासारखा दिसू शकतो, आणि ज्याला सिलिकोसिस आहे त्याला क्षय होण्याचा धोकाही अधिक. त्यामुळे कागदावर ‘क्षय’ एवढाच शब्द पडला की कारखान्याची जबाबदारी संपली. आमच्या एका सभासदाच्या बाबतीत असेच झाले. एकवीस वर्षे फेटलिंगच्या खात्यात काढलेला माणूस. संघटनेच्या कचेरीचा जिना चढताना मध्ये दोनदा बसायचा. हे दोन रोग एकमेकांपासून वेगळे कसे काढावेत यावरचा एक शोधनिबंध मला इंटरनेटवर सापडला. सारांश वाचला, आमच्या कामाचा होता. पुढे गेलो तर पडद्यावर चौकट आली की चाळीस डॉलर भरा. आमच्या सभासदाची चार दिवसांची मजुरीही त्याहून कमी होती. आणि चाळीस डॉलर भरून तो निबंध उपयोगी पडेलच याची हमी नव्हती. न वाचता विकत घ्यायचा माल तो. शेवटी एका सरकारी महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरने तो मिळवून दिला, कारण त्याच्या संस्थेने वर्गणी भरलेली होती. दावा तीन वर्षे चालला. या तीन वर्षांचा दोष मी त्या चौकटीवर टाकीत नाही. तो कोर्टाच्या तारखांचा आणि सोईस्कर दाखल्यांचा आहे. पण निकाल लागला तेव्हा पैसे त्याच्या बायकोच्या हाती पडले, आणि तेव्हापासून ती चौकट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्या कामगारांच्या छातीवर अभ्यास झालेच नाहीत असे नाही. भारतातील कापडगिरण्यांतल्या कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून केलेला एक मोलाचा अभ्यास १९८१ साली श्वसनरोगांवरच्या एका अमेरिकन पत्रिकेत प्रसिद्ध झाला. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आणि दम्यासारखे दुसरे जुनाट विकार यांतला फरक त्यात मांडला होता. धूळ इथली, खोकला इथला, आणि त्यावरचे ज्ञान समुद्रापार. ज्या डॉक्टरांनी ते काम केले त्यांना मी नावे ठेवीत नाही, हात जोडतो. त्यांनी ते जिथे वाचले जाईल तिथे छापले. गिरणगावातल्या एखाद्या संघटनेच्या चिटणीसाला ते वाचायचे असते तर त्याने कुठे जावे, हा विचार त्या व्यवस्थेत कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता.

याहून भयंकर उदाहरण आफ्रिकेतले आहे. २०१४ साली लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ आली आणि अकरा हजारांवर माणसे मेली. इबोला आपल्या भागात पूर्वी नव्हताच, असे तिथे सर्वांना वाटत होते. २०१५ साली लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लिहिले की १९८२ सालीच एका युरोपीय पत्रिकेत निबंध येऊन गेला होता; लायबेरियातल्या लोकांच्या रक्तात इबोलाच्या खुणा सापडल्या आहेत, तेव्हा हा देश इबोलाच्या पट्ट्यात धरावा, असे त्यात नोंदले होते. लायबेरियातल्या डॉक्टरांपर्यंत तो पोहोचलाच नाही. त्या संशोधनात लायबेरियाचा एकही संशोधक सहभागी नव्हता. आणि साथीनंतरही असला एखादा निबंध उतरवून घ्यायचा तर ४५ डॉलर पडत, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. रक्त त्यांचे आणि किंमतही त्यांनाच.

पाच वर्षांनी साऱ्या जगावर करोनाची साथ आली. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्या विषाणूची जनुकीय रचना सर्वांसाठी इंटरनेटवर खुली केली, आणि पुढे मोठमोठ्या प्रकाशकांनीही करोनावरचे निबंध तेवढ्यापुरते विनामूल्य केले. चांगले झाले. पण मला त्यात एक कबुली दिसते. आणीबाणीत दार उघडावे लागते याचा अर्थ एरवी ते बंद असल्याने काम अडते, हे त्यांनाही ठाऊक आहे. आपल्या देशात क्षयाने वर्षाला सुमारे तीन लाख माणसे जातात. ती आणीबाणी नव्हे काय?

हे दार बंद झाले कधी? लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली जी पहिली विज्ञानपत्रिका काढली, तिचा उद्देश पत्रापत्री करणाऱ्या विद्वानांना एकमेकांचे काम कळावे एवढाच होता. पुढे तीनशे वर्षे बहुतेक पत्रिका विद्वत्सभाच चालवीत; त्यांत पैसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे विज्ञानावर पाण्यासारखा पैसा ओतू लागली, तेव्हा काही चाणाक्ष माणसांना त्या प्रवाहाकाठी चक्की बसवावीशी वाटली. त्यांतला सर्वांत चाणाक्ष रॉबर्ट मॅक्सवेल. १९५१ साली त्याने एक लहान प्रकाशनसंस्था हाती घेऊन तिचे नाव पर्गॅमॉन ठेवले. त्याने एक गोष्ट ओळखली. एका गिरणीचे धोतर महाग पडले तर लोक दुसऱ्या गिरणीचे घेतात. पण एका पत्रिकेतला निबंध दुसऱ्या पत्रिकेत मिळत नाही. प्रत्येक पत्रिका म्हणजे एक छोटा मक्ता. मग नव्या नव्या विषयांच्या पत्रिका काढायच्या, नामवंत प्राध्यापकांना संपादक करायचे, आणि ग्रंथालयांना सांगायचे की घ्या, नाहीतर मागे पडाल. १९९१ साली त्याने पर्गॅमॉन ४४ कोटी पौंडांना एल्सेव्हिअरला विकली. त्याच वर्षी तो आपल्या बोटीवरून समुद्रात पडून मेला, आणि मागाहून उघडकीस आले की आपल्या वृत्तपत्रांतल्या कामगारांच्या पेन्शन फंडातून त्याने कोट्यवधी पौंड उचलले होते. विषयांतर होते आहे, पण माझ्या धंद्याच्या माणसाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आणि योगायोग पाहा, त्याच १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत लॉस अलामॉस येथे पॉल गिन्सपार्ग नावाच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने एका संगणकावर एक साधी सोय केली. त्याच्या विषयातले लोक निबंध छापून येण्याआधी त्याच्या प्रती एकमेकांना टपालाने पाठवीत. ज्याचे नाव यादीत त्याला प्रत मिळे. नवख्याला, दूरच्याला मिळत नसे. गिन्सपार्गने म्हटले, सगळ्यांनी आपली प्रत या संगणकात ठेवावी, ज्याला हवी त्याने घ्यावी. आज त्या भांडारात वीस लाखांहून अधिक निबंध आहेत, आणि तुमच्या खिशातल्या फोनवर ते आत्ता, या मंडपात उघडतील. एक पैसाही न देता.

छापखाना, कागद आणि टपाल यांचा खर्च संपला, तेव्हा कुलपाचे कारणही संपले, हे ज्यांना प्रथम कळले त्यांत मूळचे बुडापेस्टचे स्टीव्हन हारनाड हे एक. १९९४ साली त्यांनी सुचवले की प्रत्येक संशोधकाने आपल्या निबंधाची एक प्रत आपल्या संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवून द्यावी. डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्टलाच काही मंडळींची बैठक भरली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तिचा जाहीरनामा निघाला. ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द तिथून रूढ झाला. मी त्याला मुक्तद्वार म्हणतो. आपल्याकडे उत्सवात मुक्तद्वार असते, म्हणजे पंगतीला कोणीही बसावे, गाव-नाव विचारायचे नाही. जाहीरनाम्याचा आशय तोच: शोधनिबंध कोणीही वाचावा, उतरवावा, त्याची नक्कल काढावी, वाटावा, फक्त लेखकाचे श्रेय त्याला द्यावे आणि मजकुराची मोडतोड करू नये. त्या जाहीरनाम्याचा मसुदा प्रामुख्याने पीटर सूबर यांचा. हे अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत. २००३ साली त्यांनी ती शिकवण्याची नोकरी सोडली आणि सारा वेळ याच कामाला दिला. आमच्या भाषेत, ते पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

आता मला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. विद्वानांनी संप केला काय? केला, आणि एकदा तो फसला. २००० साली अमेरिकेतल्या काही नामवंत शास्त्रज्ञांनी एक पत्रक काढले. त्यांत नोबेल पारितोषिक मिळालेले हॅरल्ड व्हार्मस होते. जी पत्रिका सहा महिन्यांनंतर आपले निबंध खुले करणार नाही तिच्यात सप्टेंबर २००१ पासून आम्ही लिहिणार नाही, तिचे परीक्षण करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा. जगभरातून सुमारे ३४ हजार शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. एवढ्या सह्या आमच्या संघटनेला मिळाल्या असत्या तर मंत्री दारात आले असते! पण सप्टेंबर उजाडला, गेला, आणि बहुतेक सगळे आपापल्या जुन्या पत्रिकांकडे निबंध पाठवतच राहिले. का? सही करणारा प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा होता. त्याच्या खात्यात, त्याच्या नेमणूक समितीत, त्याच्या शेजारच्या टेबलावर संघटना नव्हती. सह्यांची मोहीम म्हणजे संप नव्हे, हे आम्ही गिरणीच्या दारावर शिकलो आहोत. व्हार्मस प्रभृतींनी मग स्वतःच पत्रिका काढल्या, पहिली ऑक्टोबर २००३ मध्ये, आणि त्या चालल्याही.

याउलट २०१५ सालची गोष्ट पाहा. एल्सेव्हिअरची ‘लिंग्वा’ नावाची भाषाशास्त्राची जुनी, मान्यवर पत्रिका होती. तिच्या संपादकांनी मागणी केली की पत्रिका खुली करा आणि लेखकाकडून घ्यायची फी माफक ठेवा. मागणी फेटाळली गेली. तेव्हा सहाच्या सहा संपादकांनी आणि संपादक मंडळाच्या एकतीसच्या एकतीस सभासदांनी राजीनामे दिले. एकही मागे राहिला नाही. त्यांनी ‘ग्लोसा’ नावाची नवी खुली पत्रिका सुरू केली. जुने नाव आणि हक्क कंपनीकडे राहिले. तिने नवे संपादक आणून पत्रिका चालू ठेवली. बदली कामगार लावून गिरणी चालवण्याचे तंत्र इथल्या ज्येष्ठांना नवे नाही. एप्रिल २०२३ मध्ये मेंदूच्या अभ्यासाच्या ‘न्यूरोइमेज’ या पत्रिकेच्या चाळीसहून अधिक संपादकांनी असेच एकगठ्ठा राजीनामे दिले आणि ना-नफा तत्त्वावर नवी पत्रिका काढली. चौतीस हजार सह्यांनी जे झाले नाही ते सदतीस माणसांनी केले, कारण ती सदतीस एका खात्यातली होती आणि एकमेकांना ओळखत होती.

‘न्यूरोइमेज’चे भांडण कशावर झाले हेही लक्षात घ्या. ती पत्रिका तोपर्यंत खुलीच झालेली होती! भांडण फीवर होते. एक निबंध छापायला लेखकाने ३,४५० डॉलर भरायचे. म्हणजे वाचकाच्या दारातला नाका उचलून लेखकाच्या दारात बसवला. मोठ्या प्रकाशकांना मुक्तद्वाराची प्रथम भीती वाटली. मग त्यांच्या ध्यानात आले की जकात जाताना न घेता येताना घेतली तरी तिजोरीत तेवढीच पडते. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध पत्रिकेने निबंध खुला करण्यासाठी ९,५०० युरोंचा दर नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. त्या वेळचे आठ लाखांहून अधिक रुपये! आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजातला अध्यापक हे कुठून आणणार? पूर्वी त्याला वाचता येत नव्हते. आता वाचता येईल पण लिहिता येणार नाही. याला मुक्तद्वार म्हणणे म्हणजे पंगत फुकट आणि चुलीजवळ जायला तिकीट असा प्रकार आहे. याच फीच्या वाटेने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट पत्रिकाही उगवल्या, आणि आपल्या देशात त्यांचे पीक जोरात आले. अध्यापकाला बढतीसाठी निबंधांचा आकडा दाखवायचा असतो ना! त्यामुळे खुली पत्रिका म्हणजे भेसळ, असा एक समज पसरवला जातो. भेसळ वर्गणीच्या पत्रिकांतही निघते. तो विषय आज सोडतो.

लेखकाकडूनही घ्यायचे नाही आणि वाचकाकडूनही घ्यायचे नाही, असे चालते काय? चालते. ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे आबेल पॅकर आणि रोजेरिओ मेनेगिनी यांनी १९९७ साली ‘सायेलो’ नावाची व्यवस्था उभी केली. राज्याच्या संशोधन निधीने पैसा दिला, विद्यापीठांच्या आणि विद्वत्सभांच्या पत्रिका एकत्र आणल्या, आणि त्या खुल्या ठेवल्या. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी ती उचलली, पुढे दक्षिण आफ्रिकाही आली. श्रीमंत देश अजून जाहीरनामे लिहीत होते तेव्हा ही माणसे काम करीत होती.

आणि आपली मुंबई? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातल्या डॉक्टरांची स्टाफ सोसायटी १९५५ पासून एक वैद्यकीय त्रैमासिक चालवते. गिरण्यांच्या भोंग्यांच्या हद्दीत निघालेली ही पत्रिका या शतकाच्या आरंभी इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली झाली, आणि लेखकाकडूनही फी घेतली जात नसे. छापील अंकाच्या वर्गणीवर गाडा चालला. हे तांत्रिक काम डॉ. डी. के. साहू यांच्या मेडनो या मुंबईतल्या संस्थेने केले. बालरोगतज्ज्ञ असलेल्या या गृहस्थांनी देशातल्या कितीतरी वैद्यकीय पत्रिका याच रीतीने खुल्या केल्या. पत्रिका खुली झाल्यावर तिच्यातल्या निबंधांचा इतर संशोधक अधिक उल्लेख करू लागले, असे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले. २०११ साली मेडनो एका परदेशी प्रकाशनसमूहाने विकत घेतली. पाहा, चांगली संस्थासुद्धा विकली जाऊ शकते. म्हणून मालकी कोणाची हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ सालीच आपल्या संशोधकांच्या निबंधांचे खुले भांडार उघडले. चेन्नईचे सुब्बय्या अरुणाचलम यांनी सभा, पत्रे, लेख यांतून हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान खात्यांनी धोरणही काढले की आमच्या पैशाने झालेल्या संशोधनाची प्रत खुल्या भांडारात ठेवलीच पाहिजे. धोरण उत्तम आहे. त्याची अंमलबजावणी विचारू नका.

इथे मला १९२३ सालचा एक ठराव आठवतो. रावबहादूर सीताराम केशव बोले, जे स्वतः मजुरांचे पुढारी होते, यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तत्त्व तेच: पैसा सर्वांचा, तर दार सर्वांना. कागदावर ठराव झाला. महाडचे तळे त्यामुळे उघडले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, आणि त्यानंतरही कोर्टात दहा वर्षे झगडावे लागले. तहानेची आणि वाचनाची बरोबरी मी करीत नाही. ते दुःख निराळे होते. पण सार्वजनिक पैशाचे तत्त्व मान्य होणे आणि दार उघडणे यांत केवढे अंतर असते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने तो इतिहास वाचावा.

काही लोकांनी दार उघडण्याची वाट न पाहता भिंत फोडली. ॲरन स्वार्ट्झ या अमेरिकन तरुणाने एका विद्यापीठाच्या जाळ्यातून लाखो निबंध उतरवून घेतले. त्याच्यावर खटला भरला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याने जीव दिला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ साली ‘साय-हब’ उघडले आणि जगातले गरीब संशोधक तिथे लोटले. तीन प्रकाशकांनी तिच्यावर डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा हुकूम दिला. कायद्याने ती चोरी ठरेल; मी वकील नाही. पण भिंत फोडून आत गेलेल्यांत आपले कितीतरी डॉक्टर आणि प्राध्यापक होते, याचा विचार भिंत बांधणाऱ्यांनी करायला हवा. मला स्वतःला ही वाट पुरेशी वाटत नाही. ती अडचण भागवते. मालकी बदलत नाही.

आता आपल्या सरकारने काय केले ते पाहू. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये. तीस प्रकाशकांच्या जवळजवळ तेरा हजार पत्रिका. सहा हजार तीनशेंवर सरकारी संस्थांतले सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. लहान गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला आज जे वाचायला मिळते ते पूर्वी मुंबई-दिल्लीच्या मोजक्या संस्थांतच मिळे. हे चांगले झाले, मोकळेपणी म्हणतो. सर्वांच्या वतीने एकाने सौदा करावा, हे तर आमचे जुने शस्त्र. पण सौदा कशाचा केला? वर्षाला दोन हजार कोटी देऊन आपण किल्ली भाड्याने घेतली. कुलूप त्यांचेच. ज्या पैशात खुल्या पत्रिकांचा आपला कारखाना उभा राहिला असता, जसा ब्राझीलने त्याच्या ऐपतीप्रमाणे उभारला, तो पैसा वर्गणीत गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ जुलै २०२५ पासून नियम केला आहे की आमच्या पैशाने झालेला निबंध प्रसिद्ध होताच सर्वांना खुला झाला पाहिजे. भांडवलाचे माहेरघर जे करते ते आपल्याला का जमू नये?

आणि त्या एक कोटी ऐंशी लाखांत तुम्ही-आम्ही नाही. कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी नाही, खासगी दवाखाना चालवणारा तालुक्याचा डॉक्टर नाही, मातीची तपासणी समजून घेऊ पाहणारा शेतकरी नाही, आणि फाउंड्रीतल्या सभासदासाठी निबंध शोधणारा संघटनेचा चिटणीस तर नाहीच. सामान्य माणसाला हे वाचायचे नसतेच, असे म्हणणारे भेटतात. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड मी वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. आज ते इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला आणि पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात खुले ठेवले जाऊ लागले. तिथे आज लाखो प्रबंध आहेत. आमच्या कचेरीतली दोन पोरे कंत्राटी कामगारांवरचे प्रबंध तिथून काढून वाचतात, आणि आपसांत वाद घालतात, मला न विचारता. सार्वजनिक पैशाचे दार उघडले की माणसे आत येतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

पुढील टप्प्यांत ही योजना सार्वजनिक ग्रंथालयांपर्यंत नेण्याची भाषा सरकारकडूनच झाली आहे. महाराष्ट्रात १९६७ सालच्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये आहेत, आणि ज्याच्या अंगणात आपण बसलो आहोत ते त्यांतलेच एक. सध्याची तरतूद २०२७ अखेर संपते. पुढचा करार करण्यापूर्वी सरकार प्रकाशकांशी बोलणी करील, आणि मागण्यांचे पत्रक बोलणी सुरू होण्याआधी जावे लागते, नंतर नव्हे. मी एका अर्जाचा मसुदा केला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला या पत्रिका वाचता याव्यात, आणि २०१४ च्या धोरणाप्रमाणे सरकारी पैशाने झालेल्या प्रत्येक निबंधाची खुली प्रत ठेवली गेली की नाही याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. मसुदा ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. भाषा कामगार संघटनेच्या मागणीपत्राची झाली असेल. आपल्यापैकी कोणी शिक्षक असतील त्यांनी ती बेलाशक सुधारावी. सह्यांच्या बाबतीत मघाशी जे सांगितले ते मी विसरलेलो नाही, म्हणून अर्जाखाली सहीबरोबर एक रकाना ठेवला आहे: येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच वाचनालयात बैठकीला येणार की नाही.